सापाचा नंबर

—न्हाय ओ पावणं, वाजू दे की. वाजून वाजून दमतंय आणि गप बसतंय, त्याची काळजी तुम्ही करू नका. तुम्ही जरा हिकडं सरका, चंद्रीच्या मागं उभं राहू नका — लाथ मारत न्हाय ती, पण शेपटी मारती, आणि तुमचा शर्ट पांढरा हाय. हां. आता हे बगा, माझे दोन्ही हात म्हशीच्या सडाला आणि ह्यो खिशात कोकलतोय. हात सोडून फोन घेतला तर काय हुईल? पान्हा चोरंल ही. एकदा चोरला की मग पेंड दाखवा, पाठ खाजवा, जोतिबाला नारळ बोला — थेंब देत न्हाय. माणसाचं ध्यान दुसरीकडं गेलं की म्हशीला कळतंय. बायकोला कळायला येळ लागतोय, म्हशीला लागत न्हाय. — थांबला बगा. म्हणलं न्हवतं? खरं काम असतं तर परत आला असता. खऱ्या कामाचा माणूस दोनदा करतोय, तीनदा करतोय. काय काय सातदा बी करत्यात — ते जाऊ दे. घ्या. फेस जायची वाट बघू नका, फेसासकट प्यायचं असतंय हे. ओठाला लागलं तर लागू दे, गंगावेशीच्या ह्या दूधकट्ट्यावर कोण हसत न्हाय त्याला.

तुम्ही उचलताय का हो अनोळखी नंबर? न्हाय ना? मग मला का सांगताय उचला म्हणून? सगळी असंच करत्यात — स्वतःचा वाजला की बघून खिशात टाकायचा आणि दुसऱ्याचा वाजला की ‘अर्जंट असंल, उचला.’ माझं ठरलेलं हाय. एकशेचाळीसनं सुरू झाला की ती कंपनी, तिकडं बघायचं बी न्हाय. सकाळी साडेदहाला येतोय तो कार्डवाला. दुपारी जेवल्यावर येतोय तो प्लॉटवाला, त्याला माणूस सुस्तावलेला पायजे असतोय. निवडणुकीत पुढाऱ्याचा येतोय — नमस्कार म्हणतोय, आपण बी नमस्कार म्हणतोय, तरी तो थांबत न्हाय, बोलतच राहतोय. मी आधी दोन-तीनदा गटाराचं सांगितलं त्याला. मग पोरानं सांगितलं, आबा, ते टेपवर असतंय. आणि आमच्या गल्लीत एक रिटायर मास्तर हाईत, शिकलेलं माणूस, त्यांना एकानं पोलिसाचा डगला घालून फोनवरनंच अटक केली. व्हय! फोनवरनं! दोन दिवस मास्तर स्वतःच्या घरात अटकेत. बेडी न्हाय, शिपाई न्हाय, काय न्हाय — फोन भिंतीला टेकवून ठेवलेला आणि मास्तर त्याच्यासमोर मांडी घालून. मोरीकडं जायचं तरी परवानगी मागायचे. शेवटी त्यांच्या सुनेनं चार्जर काढून घेतला, तवा सुटले. म्हणून म्हणतो, अनोळखी नंबर म्हणजे अनोळखी माणूस. दाराशी आला तर आधी खिडकीतनं बघताय न्हवं? मग कानाशी आला तर का घेताय?

पण माझी गोष्ट जरा येगळी हाय. मला कंपन्यांचे फोन कमीच येत्यात. मला सापाचे येत्यात.

हसू नका, दूध नाकात जाईल. साप. साप म्हणजे साप. ‘हॅलो, न्हाणीघरात साप हाय.’ ‘हॅलो, बुलेटच्या इंजिनात साप बसलाय, बाहेर यायला तयार न्हाय.’ एक बाई बिद्रीच्या बाजूनं फोन करून नुसती ओरडली, एक शब्द न्हाय, नुसती किंकाळी, आणि फोन बंद. तिचं पुढं काय झालं अजून कळलेलं न्हाय मला. आता मी दूधवाला. जोतीराम दूधवाला, उत्तरेश्वरात चार म्हसरं, सकाळ-संध्याकाळ हा कट्टा, ह्यापलीकडं मला काय येत न्हाय. साप मी लांबनं बघितलेला माणूस. मग मला का फोन? तर झालं असं — तीन वर्षांमागं मी नंबर बदलला. शाहूपुरीतल्या एका दुकानात गेलो, म्हणलं नवीन नंबर द्या, त्यानं दिला. नवीन कुठला आलाय! कंपन्या जुनेच नंबर फिरवून देत्यात म्हणं, भाड्याच्या खोलीसारखं — एक गेला की दुसरा. माझ्या खोलीत आधी राहत होता उचगावचा विजयसिंह. सर्पमित्र. साप धरतोय आणि लांब नेऊन सोडतोय. त्यानं तो नंबर सोडला, पण गावागावात भिंतीवर रंगवलेला तसाच राहिला — ‘साप मारू नका, फोन करा.’ आणि खाली माझा नंबर.

का बदलला? — असाच बदलला. माणूस नंबर बदलत न्हाय व्हय? रेंज येत न्हवती.

बरं, रेंज येत होती. कशाला खोटं बोलू, तुम्ही काय ह्या गावचे न्हाई, दूध पिऊन जाणार. पोरीपायी बदलला. निशिगंधा नाव तिचं, आम्ही निशी म्हणतोय. तिनं लग्न केलं. आम्ही करून दिलं न्हाय, तिनं केलं — ह्यात फरक हाय. पोरगा सौमित्र म्हणून, आई-बाप दोघं बी मास्तर, हितलंच घर, हा बी कुठं लॅबमधी नोकरीला, रक्त तपासतोय लोकांचं. पोरगं वाईट न्हाय. जातीचं मी काय बोलत न्हाय — बोललो का? न्हाय बोललो. तवा बोललो असंन. पण मुद्दा तो न्हाय, मुद्दा असा की त्याला दूध चालत न्हाय. पोटात वायू धरतोय म्हणं. आता सांगा, माझ्या चार पिढ्या म्हशीच्या जिवावर जगल्या, आणि जावई आणायचा तो काळा चहा पिणारा? मी म्हणलं, हे हुणार न्हाय. ती म्हणली, हुणार. आणि गेली. एक शब्द सांगितला न्हाय बापाला, जाऊन सह्या करून मोकळी झाली. बापाला एक फोन न्हाय!

— म्हणजे आलते. फोन आलते. त्या दिवशी सकाळी मी हितंच, ह्याच दगडावर, चंद्रीची धार काढत होतो. नऊला एक आला. अनोळखी नंबर. मग एक. मग लागोपाठ. सात आले. मी म्हणलं कोण एवढा कार्डवाला हट्टाला पेटलाय. आता मला काय ठाऊक ती पोरगी हाय? तिचा नंबर असता तर उचलला असता की. तिच्या नंबरवरनं का केला न्हाय म्हणताय? तिचा फोन तिच्याजवळ न्हवता.

माझ्याजवळ होता. कपाटात. पंधरा दिवस काढून घेतलता — तिच्या भल्यासाठीच, दुसरं काय? पोरगी जरा शांत हुईल, विचार करंल, म्हणून. कुलपाची किल्ली माझ्या करगोट्याला. आणि त्या कपाटात तो वाजायचा बी, बॅटरी संपूस्तोर. — असं बघू नका पावणं. तुम्हाला पोरगी हाय? मग झालं तर. असल्यावर बोला.

दुपारी कळलं, तवा मी दुसऱ्या दिवशी जाऊन नंबरच बदलला. म्हणलं आता कर म्हणावं फोन. घरात सांगितलं, हा नंबर तिला द्यायचा न्हाय. आमची मंडळी, लीला, काय बोलली न्हाय. पोरगा धैर्यशील काय बोलला न्हाय. आमच्या घरात एकदा मी बोललो की कोण बोलत न्हाय. तीन वर्षं कोण बोललं न्हाय.

आता सापाकडं येतो. पहिले दोन महिने मी शिव्या घातल्या. सापाचा फोन आला की शिवी आणि बंद. मग एकदा एक म्हातारी म्हणली, ‘शिव्या घाल बाबा, पण आधी सांग, दार उघडं ठेवू का लावू?’ आता तिला काय सांगायचं? मी म्हणलं, लावा. आणि मग मला चैन पडंना. उचगावला गेलो, त्या विजयसिंहला हुडकला, त्याचा नवीन नंबर घेतला. त्याला सांगितलं, बाबा, तुझे साप तू सांभाळ. तो पोरगा गुणी. हसला, चहा पाजला, आणि मला शिकवलं — लोकांना काय सांगायचं. नजर हटवायची न्हाय त्याच्यावरनं. लहान मुलं, जनावरं बाहेर काढायची. दार ओढून घ्यायचं, खालच्या फटीत फडकं कोंबायचं. काठी घ्यायची न्हाय. पाणी, रॉकेल, मीठ, हळद काय टाकायचं न्हाय. लांबी विचारायची, रंग विचारायचा, आणि माणसाला बोलतं ठेवायचं विजयसिंह पोचंपतोर. मग मी ते करायला लागलो. म्हणजे अनोळखी नंबर उचलायला लागलो. सगळे न्हाय — पावसाळ्यात सगळे, उसाची तोड चालू असती तवा सगळे, एरवी बघून. आणि खरं सांगू? बरं वाटायचं. घरी जाऊन जेवताना मंडळीला सांगायचो — आज कळंब्याला धामण, आज एकाच्या बुटात कवड्या साप. ती भाकरी थापत सगळं ऐकायची. कधी न्हाय ते मला विचारायची, ‘आणि मग? तुम्ही काय सांगितलंसा?’ लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदा ‘आणि मग’ म्हणली असंल.

तर गेल्या श्रावणात, संध्याकाळची गर्दी हितं, आणि फोन आला. अनोळखी. पावसाळा हाय म्हणून उचलला, खांद्यात धरला, हात सडाला तसेच. ‘हॅलो, सर्पमित्र बोलत्यात का?’

मी अंधारात चारी म्हशी नुसत्या श्वासावरनं ओळखतोय. पोरीचा आवाज ओळखणार न्हाय?

आवाज जाड केला. म्हणलं, ‘बोला.’ का केला जाड ते मला इचारू नका. ती म्हणली, ‘किचनमधी साप हाय. सिलिंडरच्या मागं.’ मी म्हणलं, नजर हटवू नका. म्हणली, न्हाय हटवली. रंग? तपकिरी. लांबी? हातभर. म्हणलं, घरात लहान मूल, जनावर काय असंल तर आधी बाहेर काढा. तर म्हणली, ‘बाळ हाय. खांद्यावर घेतलंय.’ आणि ते रडलं. पावणं, फोनमधी ते रडलं. मला ठाऊक न्हवतं. बाळ हाय हेच ठाऊक न्हवतं मला. मी म्हणलं, ‘कुणाचं?’ म्हणली, ‘माझंच की.’ म्हणलं, ‘किती महिन्याचं?’ म्हणली, ‘सापाला काय करायचंय त्याचं?’ मी म्हणलं, ‘लागतंय. सापाला बाळाचं वय लागतंय.’ ती म्हणली, ‘चार महिन्याचं. मुलगी हाय.’ आणि नेमकं तवाच हितं चंद्रीनं पाय टाकला, चरवी लवंडली, आणि माझ्या तोंडातनं गेलं — ‘हो चंद्रे! पाय काढ की गं!’ जाड आवाज गेला कुठल्या कुठं.

चंद्री लहान रेडकू होती तवा निशीनं तिला बाटलीनं दूध पाजलंतं. नाव बी तिनंच ठेवलेलं, कपाळावर चांद हाय म्हणून, हा बगा. मी म्हणलं, आता ठेवती फोन. ठेवला न्हाय. लै वेळानं म्हणली, ‘काका, दार ओढून घेऊ का?’ काका. मी म्हणलं, ‘घ्या. फटीत फडकं कोंबा. माणूस पाठवतोय.’ आणि पत्ता घेतला. तीन वर्षं उचगावात राहती, हितनं चंद्रीला चालवत नेली तरी दीड-दोन तासाची वाट, आणि पत्ता मी सापासाठी घेतला.

विजयसिंह गेला. तासाभरानं त्याचा फोन. म्हणला, ‘जोतीराममामा, साप न्हाय.’ म्हणलं, गेला असंल निसटून. म्हणला, ‘तिसरा मजला हाय मामा. फरशी हाय, जाळी हाय, मोरीला झाकण हाय.’ म्हणलं, लिफ्टनं आला असंल. तर म्हणला, ‘आणि मामा, त्यांनी म्हणं तुमचा नंबर गावातल्या भिंतीवर बघितला. ती भिंत तर गेल्या दिवाळीला पांढरी केली. मीच करून घेतली.’ मग म्हणला, ‘चहा चांगला होता पण. काळा होता, पण चांगला होता.’ मी घरी गेलो. जेवताना म्हणलं, आज उचगावात साप निघाला. मंडळीनं विचारलं न्हाय ‘आणि मग.’ भाकरी एवढ्या जोरात थापली की परात वाजली. म्हणलं, ज्या बाईचा फोन होता तिला लहान मुलगी हाय. तर म्हणली, ‘व्हय का? अवंतिका?’ आणि जीभ चावली. मी जेवण करून हात धुतले. आता तिला नाव कुठनं कळलं? बायकांना कळतंय असलं. आपण कशाला खोलात जायचं?

तवापास्नं त्या घरात साप निघतोय. दर गुरुवारी. चार वाजता. मी त्या येळेला मोकळा असतोय, म्हसरं पाण्यावर नेलेली असत्यात, हे सापाला ठाऊक हाय. तुमचा इश्वास बसणार न्हाय — थंडीत, सगळ्या जगाचे साप बिळात झोपलेले असताना हिच्याकडं निघायचा. एकदा पंख्यावर होता. एकदा फ्रिजमधी. मी विचारायचो, रंग? तपकिरी. लांबी? हातभर. बाळ काय करतंय? पालथं पडतंय काका. म्हणलं, तेल लावताय न्हवं? साप तेलाच्या वासानं येत न्हाय. दात आल्यावर म्हणली, काका, ताप हाय बाळाला, आणि साप हाय. मी म्हणलं, आधी तापाचं बघा, साप कुठं जात न्हाय. जावई लॅबमधी असतोय त्या येळेला. एकदा त्यानंच उचलला, माझ्याकडनं चुकून लागलता — चुकूनच. म्हणला, ‘नमस्कार. ती अंघोळीला गेली आहे. साप... साप बरा आहे.’ पोरगं वाईट न्हाय, मी आधीच म्हणलंय.

तिचा नंबर सेव्ह केलेला न्हाय मी. सेव्ह करायचा म्हणजे नाव लिहायला लागतंय, आणि नाव काय लिहायचं? निशी लिहिलं तर मी तिच्याशी बोलतोय असं हुतंय. आणि मी सांगितलंय घरात, मी बोलणार न्हाय. म्हणून तो अनोळखीच हाय. अठ्ठ्याण्णव, तेवीस... — दहाच्या दहा आकडे पाठ हाईत, ती गोष्ट येगळी. पाठ असणं आणि ओळख असणं ह्यात फरक हाय.

एकदा मात्र — मकरसंक्रांतीच्या पुढचा गुरुवार. साप निघाला, रंग झाला, लांबी झाली, आणि ती एकदम म्हणली, ‘काका, तुम्ही आधी अनोळखी नंबर उचलत न्हवता का?’ म्हणलं, न्हाय. म्हणली, ‘कधीच?’ आता काय सांगायचं? चंद्री रवंथ करत होती, नदीवर कोण न्हवतं. मी म्हणलं, ‘एकदा सात आलते. लागोपाठ. न्हाय उचलले.’ मी म्हणलं, ‘उचलायला पायजे होते.’ एवढंच म्हणलं. दुसरं काय म्हणणार? ते बी सर्पमित्र म्हणून म्हणलं — सात फोन म्हणजे केवढा मोठा साप असंल, माणसानं उचलायला नको? तिकडं बाळ काय तर बडबडत होतं. मग ती म्हणली, ‘साप गेला, काका.’ आणि ठेवला. पुढच्या गुरुवारी फोन आला न्हाय. त्याच्या पुढच्या बी न्हाय. मी तवा काय काय नंबर उचलले असतील! कार्डवाल्यांचे उचलले, प्लॉटवाल्यांचे उचलले, एकशेचाळीसवाले उचलले. एक पोरगी म्हणली, सर, आपल्याला आमची ऑफर ऐकायला दोन मिनिटं आहेत का? म्हणलं, हाईत की, बोल बाई. तिलाच नवल वाटलं. तिसऱ्या गुरुवारी आला. चार वाजता. ‘काका, साप.’ मी म्हणलं, ‘रंग?’

आता तुमच्या तोंडावरनं दिसतंय, तुम्हाला वाटतंय ह्या माणसाला कळत न्हाय. कळतंय की ओ. पहिल्या दिवशीच कळलंतं. मंडळीनं नंबर दिला, सापाच्या गोष्टी दिल्या, पोरीनं साप केला. पण ती साप म्हणती, मी साप म्हणतोय, चाललंय. साप हाय तवर बोलणं हाय. साप न्हाय म्हणलं की मग बाप आणि पोरगी ह्यांनी बोलायला लागंल, आणि त्यांचं काय जमत न्हाय, हे दोघांना बी ठाऊक हाय.

परवाच्या गुरुवारी म्हणली, ‘काका, साप निघणार हाय.’ म्हणलं, निघालाय का निघणार हाय? म्हणली, ‘निघणार हाय. रविवारी, साडेअकराला.’ म्हणलं, सापाची येळ ठरलेली असती व्हय? म्हणली, ‘भटजींनी काढून दिलीय. बाळाचं जावळ हाय.’ मी म्हणलं, विजयसिंहला पाठवतो. तर म्हणली, ‘विजयसिंह नको. तुम्ही या.’ काका न्हाय म्हणली. तुम्ही या, एवढंच. मी म्हणलं, बघतो, रविवारी गिऱ्हाईक असतंय.

आज रविवार. आमच्या घरात पहाटेपास्नं गंमत. मंडळीनं हिरवं लुगडं काढलंय. म्हणलं, कुठं? म्हणली, उचगावात मैत्रिणीची वास्तुशांत हाय. धैर्यशीलनं दाढी केली. म्हणलं, कुठं? म्हणला, उचगावात मित्राचा साखरपुडा. बाळाला मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं असतंय, हे काय मला ठाऊक न्हाय व्हय? पण म्हणलं, जावा. मी म्हसरं सोडायच्या आधीच दोघं गाडीवरनं गेली बी. ‘तुम्ही?’ म्हणली ती दारातनं. म्हणलं, मला सापाचा फोन आलाय, झालं तर जाईन.

हां हां, त्या पिशवीला हात लावू नका. सामान हाय सापाचं. — टोपडं हाय. व्हय, लहान बाळाचं टोपडं. जावळ काढलं की टाळूला ऊन लागतंय. मग? सापाला जाताना टोपडं नेऊ नये असा कायदा हाय?

किती वाजले म्हणालात? पावणेअकरा? बाकीची म्हसरं मी सातलाच घरी धाडली. हिला ठेवली, म्हणलं आठला बंद करायचं. आठला एक गिऱ्हाईक आलं, म्हणलं, एवढं एक. मग एक डॉक्टर आले. मग ते दोघं सायकलवाले. तुमच्या आधी तर कोणच न्हवतं, मीच हाक मारली तुम्हाला — ‘ओ पावणं, दूध घेणार का’ — आठवतंय? तुम्ही न्हाय म्हणत होता. मीच बळंच थांबवलं.

न्हाय, उन्हाचं काय न्हाय. रिक्षा मिळती हितनं. तसं न्हाय ते. दार उघडल्यावर पहिलं काय म्हणायचं असतंय, ते सांगा. तुम्ही शिकलेले दिसताय. तीन वर्षं म्हणलेलं न्हाय ओ काय. फोनवर रंग विचारला, लांबी विचारली की पुढचं आपोआप येतंय. दारात उभं राहून काय विचारायचं? साप असता, खरा असता, नाग जरी असता, तरी गेलो असतो की कवाच.

— काय? काय म्हणालात? ‘आलो म्हणायचं’? नुसतं? आलो?

...

ठेवा तो गिलास. न्हाय, दुसरा मिळणार न्हाय, कट्टा बंद. चंद्रे, चल. हला पावणं, वाट सोडा, हिला घरी बांधायची हाय अजून.